कमी आवाजाची गिटार

मी एक जुनी, अर्धी पोकळ गिटार आहे. मित्रांनो, हसू नका. दुकानात मला सेमी-हॉलो म्हणतात, पण अर्थ तोच. माझ्या पोटात मधोमध लाकडाचा एक भरीव ठोकळा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रिकाम्या खोल्या. छातीवर व्हायोलिनला असतात तशा दोन नागमोडी फटी आहेत. साधी गिटार पूर्ण पोकळ असते, ती नुसत्या बोटांनीही घरभर ऐकू जाते. इलेक्ट्रिक गिटार बहुधा पूर्ण भरीव असते, वायर जोडल्याशिवाय तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. मी या दोघींच्या मधली. वायर जोडली तर अख्खी वाडी ऐकेल, नाही जोडली तर कुजबुजेन. माझं सगळं आयुष्य या मधलेपणात गेलं, आणि तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. महागड्या गिटारींना म्हणे एकेक कारागीर महिनोन्महिने मांडीवर घेऊन घडवतो. मला तसं कुणी घडवलं नाही. लाकडाचे पातळ थर एकमेकांना चिकटवले, साच्यात दाबले, वर पिकल्या रातांब्यासारखा लाल रंग मारला आणि मी तयार झाले. माझ्यासारख्याच कितीतरी बहिणी ओळीने वाळत टांगल्या होत्या. कुणी हौशी पण बेताच्या ऐपतीचं माणूस आपल्याला नेईल, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

मला नेलं म्हापशाच्या आग्नेलबाबने. तो लग्नांत आणि चर्चच्या फेस्तांत वाजवायचा. त्याच्याकडे एक चौकोनी, जड अ‍ॅम्प्लिफायर होता. तो माझ्या कमरेच्या भोकात वायर खुपसायचा, एक बटण फिरवायचा, आणि माझा श्वास त्या खोक्यातून गोल, मऊ, मोठा होऊन बाहेर पडायचा. माडांच्या शेंड्यांपर्यंत जायचा. नाचणारी माणसं थांबून वळून बघायची. त्या वेळी माझं कौतुक खूप झालं. मग आग्नेलबाबच्या मुलाने त्याला इंग्लंडला बोलावून घेतलं. सामानात मी बसेना. त्याने माझ्या तारा सैल केल्या, मानेवरून हात फिरवला आणि कुडाळच्या ओळखीच्या हरिश्चंद्राच्या दुकानात मला ठेवलं. निघताना 'येतां' म्हणाला. तिकडे जाताना असंच म्हणतात, हे मला माहीत होतं. तरी पुढे कितीतरी दिवस दारात कुणाचं पाऊल वाजलं की मला वाटायचं, तोच.

हरिश्चंद्र मुळात पेटी दुरुस्त करणारा. दुकानात पखवाज, टाळ, भजनी मंडळांच्या पेट्या, आणि भिंतीवर आम्ही तीन-चार गिटारी. दुकानातला अ‍ॅम्प जळून गेला होता. त्यामुळे माझी फारच पंचाईत झाली. गिऱ्हाईक यायचं, माझ्या रंगावर भुलायचं, खाली उतरवून तारा छेडायचं आणि तोंड वाकडं करायचं.

"हिचो आवाज खंय गेलो ओ? घसो बसलो काय?"

"करंटावर वाजता ती," हरिश्चंद्र म्हणायचा.

"मग लावा करंट."

"अ‍ॅम्प जळालो माझो."

गिऱ्हाईक शेजारची पोकळ गिटार उचलायचं, ती खणखणीत वाजायची, आणि ती जायची. मला पुन्हा खिळ्याला. खिडकीतून ऊन यायचं, एसटीची धूळ यायची. माझ्या तारांवर गंज चढला. आपल्याला कुणीतरी मांडीवर घ्यावं, एवढीच इच्छा उरली होती.

आणि एका वैशाखातल्या दुपारी गौरजा आली.

ती माझ्यासाठी आली नव्हती. मसुऱ्याहून तिची सासू आपल्या महिला भजनी मंडळाची पेटी दुरुस्तीला घेऊन आली होती, आणि गौरजा पेटीचं दुसरं टोक धरायला. तिच्या कडेवर श्रिया, नुकतीच चालायला लागलेली. सासूला सगळं गाव अक्का म्हणतं, म्हणून सूनही अक्काच म्हणते.

"हरिश्चंद्रा, भाता फुटलो रे हिचो," अक्का स्टुलावर बसत म्हणाली. "आमी गातंव आणि ही नुसती उसासे टाकता."

गौरजा मात्र दारातच थांबली होती. आत पाऊल टाकण्याआधी तिचे डोळे सगळ्या दुकानात फिरून आले. सुटे स्क्रू कुठे पडलेत, पंख्याची वायर किती खाली लोंबते आहे, सरसाचं भांडं गरम आहे का. सगळं पाहून झाल्यावर ती आत आली, आणि मग तिची नजर भिंतीवर आमच्याकडे वळली. मित्रांनो, मला खूप जणांनी पाहिलं आहे. पण दूरच्या गावातलं ओळखीचं माणूस अचानक बाजारात दिसावं, तसं कुणी पाहिलं नव्हतं.

"वाजवता काय ओ?" हरिश्चंद्राने विचारलं.

"वाजवायचे. कोल्हापूरला, कॉलेजात."

"मगे थांबलात कित्या?"

गौरजाने श्रियाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, एवढंच.

मग अक्कानेच नातीला मांडीवर ओढलं. "जा, बघ काय बघूचा ता. भात्याक वेळ लागतलो." श्रिया पेंगुळलेली होती, ती अक्काच्या मांडीवर डोळे मिटू लागली. गौरजाने बांगड्या मागे सारल्या आणि आधी पोकळ गिटार काढली. एकच झंकार दिला. श्रिया दचकून उठली, ओठ थरथरला आणि तिने जे भोकाड पसरलं! तिला पुन्हा झोपवण्यात बराच वेळ गेला. मग गौरजाने भरीव गिटार घेतली. तिचा आवाज पंख्याच्या घरघरीत कुठे ऐकूच येईना, नखाने प्लास्टिकचा डबा टोकरावा तसं नुसतं टिकटिक. तिने ती जागेवर ठेवली.

मग मी.

गिटार निवडायची कशी, हे मी त्या दिवशी तिच्याकडून शिकले. तिने एक डोळा मिटून माझ्या मानेवरून नेम धरल्यासारखं पाहिलं, मान वाकली तर नाही ना. प्रत्येक पट्टीवर तार दाबून एकेक सूर काढला, कुठे खरखरतं का. खुंट्या पिळून थांबली, सूर घसरतो का ते पाहत. फणस पिकला का बघताना मारतात तशी माझ्या पाठीवर टिचकी मारली आणि कान लावला, थर सुटले असतील तर कळावं म्हणून. रंगाकडे तिने पाहिलंच नाही. मला थोडं वाईट वाटलं. पण मग तिने मला पोटाशी धरलं आणि अंगठ्याने, अगदी हळू, तारांवरून हात फिरवला.

सूर माझ्या फटींतून निघाला, तिच्या पोटाला लागला आणि तिच्या कानापर्यंत गेला. त्यापलीकडे गेलाच नाही. गौरजा माझ्याकडे बघतही नव्हती. ती श्रियाकडे बघत होती. श्रियाची पापणी एकदा हलली, आणि पुन्हा मिटली.

"हीच," गौरजा म्हणाली.

हरिश्चंद्र माणूस सरळ. "ताई, खोटा कित्या सांगू? हिचो आवाज कमी आसा."

"कमीच हवाय."

त्याने हातातलं कातडं खाली ठेवलं. "दुकान काढल्यापासून कमी आवाज मागणारा ह्या पयलाच गिऱ्हाईक."

"वाजवूचा, आणि कोणाक ऐकाक येवचा नाय," अक्का म्हणाली. "ताटावर झाकण ठेवून जेवल्यासारख्या झाला ह्या."

"श्रिया झोपते ना, तेव्हा वाजवायचंय अक्का. तेवढाच वेळ माझा असतो."

"आणि तू कदी झोपतलंस?"

गौरजाने मान वळवून श्रियाकडे पाहिलं. तिची एक सवय मला तेवढ्यातच कळली होती. बोलता बोलता ती मधेच थांबायची आणि मुलीची छाती वरखाली होते आहे ना, ते पाहून घ्यायची. मगच पुढचं वाक्य.

हरिश्चंद्राने मला पुसायला घेतलं आणि मोबाइलचा उजेड माझ्या फटीत टाकला. "अरे! कुंभारणीन घर बांधल्यान हंय." कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची गांधीलमाशी. ओली माती तोंडात आणून ती भिंतीत, खुंटीला, जिथे आडोसा मिळेल तिथे गाडग्यासारखं घर लिंपते. खिडकीजवळची माझी फट तिला आवडली होती. हरिश्चंद्राने स्क्रूड्रायव्हर उचलला.

"हात लावू नको!" अक्का एवढ्या जोरात म्हणाली की तिनेच लगेच नातीकडे पाहिलं. "कुंभारणीचा घर मोडूचा नाय. आत तिची पोरां आसत. ती उडान जावंदेत, मगे काढ."

आमच्या भागात तसं पाळतात. कुंभारीण घर बांधते तिथे पाळणा हलतो, असंही जुन्या बायका मानतात. अक्काने सुनेकडे एक तिरका कटाक्ष टाकला.

"अक्का, माझ्याकडे नका बघू. तिने घर दुकानात बांधलंय."

"म्हणजे पाळणो माझ्याकडे?" हरिश्चंद्र ओरडला. "ह्या वयात? बायको भायर काढतली माका!"

गौरजा हसली. खळखळून हसली, आणि अर्ध्यावरच तोंडावर हात दाबला. श्रिया उठेल म्हणून.

पेटीच्या भात्याला नवं कातडं लावून सरस वाळेपर्यंत वेळ जाणार होता. पेटी न्यायला येऊ तेव्हा गिटारीचं बघू, असं ठरलं. 'ठेवा माझ्यासाठी' असं काही ती म्हणाली नाही. 'बघू' म्हणाली. दारातून एकदा वळून पाहिलं आणि गेली. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, पण काही माणसांना 'हवं' हा शब्द उच्चारताच येत नाही. त्यांचं सगळं हवंपण त्या 'बघू'त असतं.

मी वाट पाहू लागले. माझ्या पोटात मातीच्या भिंतीआड बारीक कुरतडल्यासारखं व्हायचं. कुणीतरी माझ्यातून बाहेर पडायला धडपडत होतं, आणि मी अगदी स्तब्ध राहायचे. एका सकाळी मातीला भोक पडलं, ओले पंख फटीच्या काठावर वाळले आणि खिडकीतून उडून गेले. हरिश्चंद्राने रिकामं घर झाडून काढलं. आता मला अडवणारं काही नव्हतं. फक्त ती यायची होती.

तिच्याआधी निलेश आला. तो जत्रांत आणि लग्नांत ऑर्केस्ट्रा करतो. टेम्पोत त्याचा स्वतःचा अ‍ॅम्प होता. त्याने मला खिळ्यावरून काढलं, नव्या तारा चढवल्या, वायर खुपसली आणि बटण फिरवलं.

मित्रांनो, काय सांगू! आग्नेलबाब गेल्यापासून मी माझाच आवाज ऐकला नव्हता. तो माझ्या रिकाम्या खोल्यांत घुमला आणि खोक्यातून बाहेर पडून थेट एसटी स्टँडपर्यंत गेला. टांगलेले टाळ आपोआप किणकिणले. चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला. रस्त्यावरची माणसं दाराशी येऊन उभी राहिली. मला दुसरं काही आठवेना.

आणि त्या माणसांच्या मागे गौरजा उभी होती. श्रियाचे दोन्ही कान तिने तळव्यांनी झाकले होते. स्वतःचे मात्र उघडे ठेवले होते.

निलेशचं लक्ष गेलं. "वयनी, बंद करू काय? बाळ घाबरतला."

"नको. वाजवा," ती म्हणाली.

त्याने सूर संपवला आणि हरिश्चंद्राकडे वळला. "काका, ही माका द्या. जत्रेत हिका उभी करतंय बघा."

हरिश्चंद्राने गौरजाकडे पाहिलं. माझ्या तारा अजून थरथरत होत्या.

"देऊन टाका त्यांना," गौरजा म्हणाली. इतकं हळू, की तो माझा आवाज असावा. "मी काय, सहज बघत होते. घरात नुसतं कुजबुजायचं, त्यासाठी एवढी गिटार... तिला एवढा आवाज आहे."

ती श्रियाची टोपी नीट करू लागली. टोपी नीटच होती.

बरोबर आलेल्या अक्काने तोवर उचललेली पेटी परत खाली ठेवली. "गो, तुका ती व्हयी की नको?"

"अक्का, त्यांचं काम आहे त्याच्यावर. माझं काय..."

"तेचा काम तेका ठावक. मी तुका इचारतंय." अक्काने दोन्ही पंजे पुढे धरले. बोटं पेरांत वाकलेली, काजूच्या मुळांसारखी. "लगीन होवन इलंय तेवापासून माका पेटी व्हयी होती. 'बघूया' म्हणत रवलंय. पोरां झाली, तेंची लग्नां झाली. पेटी इली तेवा ही बोटां अशी. आता काळ्या पट्ट्येर बोट ठेवलंय तर पांढरी वाजता. बायका हसतत, मी पण हसतंय." ती थांबली. हसली नाही. "तू 'बघूया' म्हणू नको. व्हयी तर व्हयी म्हण. आणि मोठ्यान म्हण, माका ऐकाक येवक व्हया."

निलेश माझी मान धरून उभा. गौरजाने श्रियाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माका व्हयी!"

कोल्हापूरला मराठीची पदवी घेतलेली, दुकानात 'हवाय' म्हणणारी ती मुलगी असं ओरडली की दारातली माणसं मागे सरली. श्रिया दचकून रडायला लागली. आणि गौरजा तिला लगेच थोपटायचंच विसरली. आपलाच आवाज कुठून आला, ते शोधत असल्यासारखी उभी राहिली.

निलेशने वायर काढली, गुंडाळली आणि मला तिच्या हातात दिलं. "घ्या वयनी. माका दुसरी मिळतली. पण कदीतरी हिका वायर लावा हां. नायतर ही आतल्या आत रडतली."

माझी किंमत तिच्या ऐपतीत बसणारी होतीच. अक्काने ती आणखी थोडी खाली बसवली.

त्या दिवसापासून मी मसुऱ्याला आहे. ओलीची भिंत सोडून, आतल्या कोरड्या भिंतीवर गौरजाने माझी जागा केली आहे. पावसाळ्यात ती रोज मला सुती फडक्याने पुसते, तारांना बोटाने थोडं तेल लावते, कारण खारी हवा लोखंड खाते. तिचा नवरा ओंकार पणजीला नोकरीला असतो, शनिवारी येतो. बाकी सगळे दिवस घरात या तिघी आणि मी. दुपारी जेवणं झाली, श्रिया झोपली, की गौरजा पलंगाच्या कडेला बसते आणि मला पोटाशी घेते. तिची बोटं सुरुवातीला अडखळायची. आता कॉलेजातली सगळी गाणी तिला परत आली आहेत, काही नवीनही सुचतात. पण दर दोन ओळींनंतर ती थांबते, तळवा तारांवर ठेवते आणि श्रियाचा श्वास ऐकते. मग पुढे.

"काय गो, मुंगळ्यांचो ऑर्केस्ट्रा चललो?" अक्का माजघरातून विचारते. दारही लोटत नाही मात्र. उघडं ठेवते.

मी सुखी आहे का? हो. धूळ खात पडलेल्या कुठल्याही वाद्याला विचारा, मांडीची ऊब म्हणजे काय असते. तरी माझ्या कमरेतलं ते गोल भोक रिकामं आहे. वायर घरात आलेली नाही, अ‍ॅम्प आलेला नाही. 'श्रिया जरा मोठी होऊ दे,' ती म्हणते. श्रिया मोठी झाली. बोलायला लागली, अंगणवाडीत जाऊ लागली, आता तर पाटी घेऊन शाळेत जाते. दुपारी मात्र तिला अजून झोपवतात, आणि गौरजा अजून तेवढ्याच हळू वाजवते. हळू वाजवायची सवय झालेल्या हाताला आता मोठ्याने वाजवायची भीती वाटते, हे मला तिच्या अंगठ्यातून कळतं. आणि माझ्या रिकाम्या खोल्यांत तो दुसरा, मोठा आवाज बसून असतो. तिचाही असाच कुठेतरी आत बसून असणार.

मित्रांनो, मला दिसतं पण गौरजाला सांगता येत नाही, असं एक गुपित तुम्हाला सांगते. गौरजाची पाठ पलंगाकडे असते आणि नजर तारांवर, माझं तोंड समोरच्या आरशाकडे. आरशात मला श्रिया दिसते. ती झोपलेली नसते. कितीतरी दिवसांपासून ती दुपारी झोपतच नाही. डोळे टक्क उघडे ठेवून ती माझे सूर ऐकत असते, आणि आई श्वास ऐकायला वळली की पटकन मिटून घेते. आपण जागे आहोत हे कळलं तर आई वाजवायची थांबेल, असं तिला वाटतं. लेकीची झोप मोडू नये म्हणून आई हळू वाजवते, आणि आईचं वाजवणं मोडू नये म्हणून लेक निपचित पडून राहते. मधे मी.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. वाद्यं पुसा, तारा सैल करून ठेवा, त्यांना ओलीपासून जपा, हे तर खरंच. पण तुमच्या घरातही कुणीतरी तुमच्यासाठी हळू बोलत असेल, हळू चालत असेल, आपलं सगळं काही हळू करत असेल. आई असेल, आजी असेल. तिच्यापाशी जा. झोपेचं सोंग घेऊन पडला असाल, तर उठून बसा. आणि सांगा तिला, "मी जागी आहे. मोठ्याने वाजव."